खिडकी बंद होण्याचा आदला दिवस

सकाळी ५.३०

शुक्रवार, ३० ऑगस्ट २०२४. खेळाडू नोंदवण्याची मुदत उद्या संपते. आजपासून बरोबर दोन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी हा इंडियन सुपर लीगचा पहिला सामना आहे. मंगळवारी दहीहंडी झाली, पुढच्या शनिवारी गणपती बसतील. मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या आमच्या गटात मात्र या आठवड्यात दुसराच विषय आहे: कोण गेलं, कोण आलं, आणि अजून कोण यायला हवं.

चहाचं आधण ठेवून मी वही उघडतो. डाव्या पानावर गेलेले, उजव्या पानावर आलेले. डावं पान वाचताना अजून जीव तुटतो. ग्रेग स्टीवर्ट जानेवारीतच गेला होता. हंगाम संपल्यावर अपुइया मोहन बागानकडे गेला. राहुल भेके, अल्बेर्तो नोगुएरा आणि होर्हे पेरेरा दियाज हे तिघेही बंगळुरूला गेले. ४ मे २०२४ ला याच सॉल्ट लेकवर, भरल्या स्टेडियममध्ये, मोहन बागानला ३-१ हरवून आपण करंडक जिंकला. मागे पडल्यावर बरोबरीचा गोल दियाजने केला होता. त्या रात्री आम्ही झोपलो नव्हतो. चार महिन्यांत त्या संघाचा मधला भाग रिकामा झाला.

उजव्या पानावर ग्रीसचा स्ट्रायकर निकोलाओस करेलिस, स्पेनचा जॉन तोराल, सीरियाचा बचावपटू थाएर क्रौमा, फ्रान्सचा जेरेमी मान्झोरो, गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस, गोलरक्षक टी. पी. रेहेनेश. आधीचे तिरी आणि योएल व्हॅन निफ धरले तर परदेशी खेळाडूंच्या सहाही जागा भरल्या. आता घ्यायचा झाला तर भारतीयच घ्यावा लागेल. म्हणून आजची सगळी चर्चा भारतीय रकान्याची.

सकाळी ७.४५

डोंबिवलीहून सुटणारी स्लो गाडी. आमचा डबा ठरलेला, दरवाजा ठरलेला. कल्याणहून आधीच येऊन बसलेला बँकेतला मित्र खिडकी धरून असतो. त्याच्या शेजारी काका. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मी चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला. ठाण्याला उतरायचं असल्यामुळे आमच्या वादाला कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा एवढाच वेळ मिळतो, त्यामुळे कोणी प्रस्तावना करत बसत नाही.

"करेलिस चालला नाही तर पुढे कोण?" बँकवाल्याने गाडी सुटायच्या आतच सुरुवात केली. "दियाजसारखा अंगावर बचावपटू घेऊन उभा राहणारा दुसरा माणूसच नाही आपल्याकडे. एक भारतीय नऊ नंबर पाहिजे."

"अहो, भारतीय नऊ नंबर आणणार कुठून?" काका म्हणाले. "छेत्री ६ जूनला कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून गेला. चौऱ्याण्णव गोल. त्याच्यामागे कोण आहे ते सांगा. प्रत्येक क्लब ती जागा परदेशी माणसाला देतो, मग आपला पोरगा शिकणार कधी?"

काकांचं बोलणं मी नेहमी लक्ष देऊन ऐकतो. त्यांनी कूपरेजवर रोव्हर्स कप पाहिलाय. १८९१ मध्ये सुरू झालेली ती स्पर्धा २००१ च्या सुमारास बंद पडली. त्यांनी महिंद्रा युनायटेडचा तो संघ पाहिलाय ज्याने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि जो २०१० मध्ये मालकांनी बंद केला. त्यामुळे कुठलाही खेळाडू गेला की त्यांना आधी क्लबची काळजी वाटते, खेळाडूची नंतर.

दिव्याला कॉलेजचा मुलगा चढला. तो चढतो म्हणजे गर्दी त्याला आत ढकलते. त्याचं म्हणणं ठरलेलं: सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला, त्यांच्याकडे जगभरची माहिती आहे, ते बरोबर माणूस शोधतील.

"बाळा, माहिती त्यांच्याकडे आहेच," काका म्हणाले. "प्रशिक्षक लोबेरा आणला, २०२०-२१ ला लीग शील्ड आणि करंडक दोन्ही आले. बकिंगहॅम आणला, २०२२-२३ ला अठरा सामने आपण हरलो नव्हतो. परदेशी माणूस ते चांगलाच आणतात. पण अपुइयाच्या जागी कोण, ते सांग."

मुंब्रा आलं तरी याचं उत्तर कोणी दिलं नाही. अपुइयाचं काम टीव्हीवर कमी दिसतं. बचावाच्या पुढे उभं राहून समोरच्याचा पास आधी ओळखायचा, चेंडू काढायचा आणि दोन स्पर्शांत पुढे द्यायचा. तो २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून आला तेव्हा वीस वर्षांचा होता. तीन हंगाम आमच्या संघाचं मधलं मैदान त्याने सांभाळलं.

"ब्रँडनला मागे खेळवतील," बँकवाला म्हणाला.

"ब्रँडनला मागे खेळवणं म्हणजे त्याला वाया घालवणं," मी म्हणालो. "तो पास देणारा आहे, चेंडू काढणारा नाही. व्हॅन निफच्या बाजूला धावणारा, भिडणारा भारतीय पोरगा हवा. नऊ नंबर नंतर बघू."

कळवा गेलं. काका म्हणाले, "यात मी तुझ्या बाजूने." काकांची साथ मिळाली की माझा दिवस चांगला जातो.

सकाळी ९.१०

वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनियरिंग कारखान्याचं स्टोअर माझ्याकडे आहे. बेअरिंग, सील, कटिंग टूल, ग्रीस, हातमोजे. प्रत्येक खणाला बिन कार्ड. माल किती उरला की नवी मागणी टाकायची, ती पातळी कार्डावर लिहिलेली असते. खण रिकामा झाल्यावर मागणी टाकली तर मशीन उभं राहतं आणि मिळेल त्या भावाने मिळेल तो माल उचलावा लागतो. संघबांधणीही याच हिशेबाने व्हायला हवी. बहुतेक करार ३१ मेला संपतात, आणि कोणाचा कधी संपणार हे क्लबला वर्षभर आधी माहीत असतं. चांगला क्लब खेळाडू जायच्या आधीच्या हंगामात त्याच्या मागचा माणूस तयार करतो, त्याला शेवटची वीस-वीस मिनिटं देतो, एखादा अख्खा सामना देतो.

परदेशी खेळाडूच्या बाबतीत उशीर झाला तरी भागतं. जग मोठं आहे, ऑगस्टमध्येही मोकळा खेळाडू मिळतो. भारतीय खेळाडूचं तसं नाही. सुपर लीगच्या दर्जाचा भारतीय मिडफिल्डर देशात मोजकाच आहे, तो कोणाच्या तरी करारात आहे, आणि पगारांवर कमाल मर्यादा असल्यामुळे एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी करावे लागतात. परदेशी चारच एका वेळी मैदानात असू शकतात. म्हणजे अकरातले सात भारतीय. तरीही उन्हाळाभर लोक बोलतात ते त्या चारांबद्दल.

दुपारी १.००

डबा खाताना आम्ही तिघं एकत्र बसतो. अकाउंट्समधल्या ताई कळव्याच्या आणि आमचे फोरमन कोल्हापूरचे. ताई आमच्यातल्या सगळ्यात जाणत्या. ६ नोव्हेंबर २०२३ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी सौदीचा अल हिलाल आला होता, त्या सामन्याला त्या गेल्या होत्या. नेमार खेळायला हवा होता, पण ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला होता. लोक नेमारसाठी तिकिटं काढून बसले होते. ताई गेल्या होत्या मुंबईचा बचाव बघायला. रियाधमध्ये ६-० ने हरलेला संघ घरच्या मैदानावर कसा टिकतो ते त्यांना पाहायचं होतं. तो २-० पर्यंत टिकला.

"तुम्ही ब्रँडनबद्दल उगाच शंका घेता," त्या मला म्हणाल्या. "छांगते, बिपिन, विक्रम प्रताप, तिघेही धावणारे. धावणाऱ्याला पास कधी लागतो? धाव सुरू झाल्यावर लगेच. उशीर झाला की ऑफसाइड. नोगुएरा ते बघून द्यायचा. ब्रँडन पहिल्याच स्पर्शात देतो. कॉर्नर आणि फ्री किक त्याच्या डाव्या पायाच्या..."

"उजव्या," मी म्हणालो.

"उजव्या. पाय कुठलाही असू दे, चेंडू डोक्यावर पडतो ना?"

हा युक्तिवाद मला पटतो. २४ एप्रिलच्या उपांत्य सामन्यात गोव्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण ०-२ ने मागे होतो. तिथून छांगते, विक्रम प्रताप, पुन्हा छांगते, आणि सामना ३-२. मिनिटं मोजायला वेळ मिळाला नाही इतक्या झपाट्याने ते गोल आले. ती धाव ज्यांच्या पायात आहे त्यांना पास देणारा माणूस आणणं ही या उन्हाळ्यातली सर्वांत शहाणपणाची खरेदी, असं ताईंचं मत.

फोरमननी भाकरी मोडत विचारलं, "ते सगळं खरं. पण भावा, मुंबईच्या टीममध्ये मुंबईचं पोरगं किती?"

कोल्हापूरकरांचा हा प्रश्न नुसता टोमणा नसतो. त्यांच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी मंडळ असे तालमींचे आणि पेठांचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. तिथल्या संघांनीही परदेशी खेळाडू आणलेत, पण गल्लीतला पोरगा संघात नाही असं होत नाही. फोरमन लहानपणी भिंतीवर बसून सामने बघायचे, आणि कुठल्या घरातला मुलगा कुठल्या जागेवर खेळतो हे त्यांना अजून पाठ आहे.

मी म्हटलं, "जयेश राणे आहे. भेके होता."

"होता," फोरमन म्हणाले.

राहुल भेकेचं जाणं मला अपुइयाइतकंच लागलं, आणि त्याचं कारण खेळापुरतं नाही. २०१८-१९ चा अंतिम सामना आपल्या अंधेरीच्या मैदानावर झाला. जादा वेळेत कॉर्नरवर हेडर मारून बंगळुरूला करंडक मिळवून देणारा खेळाडू मुंबईचा भेके होता. नंतर तो घरी आला. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला आपण २-१ हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. विजयी गोल पुन्हा भेकेच्या डोक्याचा.

आणि हे दोघे तयार कुठे झाले? भेके आणि जयेश राणे दोघेही मुंबई एफसीत खेळले. २००७ मध्ये निघालेला तो क्लब साधा होता, पैसा मोजका, निकाल बेताचे. खालिद जमील तिथे कित्येक वर्षं प्रशिक्षक होते. २०१६-१७ च्या हंगामात तो क्लब आय-लीगमध्ये शेवटचा आला आणि बंद झाला. त्याच हंगामात मुंबई एफसीतून बाहेर पडलेले जमील, जयेश राणे आणि आशुतोष मेहता मिझोरामच्या ऐझॉलबरोबर आय-लीग जिंकले. मुंबईत घडलेल्या माणसांनी ईशान्येच्या क्लबला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं, आणि त्यांना घडवणारा मुंबईचा क्लब त्याच वर्षी संपला. आजच्या यादीतली मुंबईची नावं त्या बंद क्लबची देणगी आहे. ती पिढी आता तिशी ओलांडून गेली. पुढची कुठून येणार?

ताई म्हणाल्या, "अकादमीतून येतील."

"येतील तर बरंच आहे," फोरमन म्हणाले आणि ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

दुपारी ४.१५

इनवर्डला माल आला. चलन एक, माल दुसरा. तासभर त्यातच गेला. फुटबॉलचा विचार करायला फुरसत नव्हती.

संध्याकाळी ६.५०

साडेपाचला सुटून बसने स्टेशन, तिथून मिळेल ती गाडी, आणि डोंबिवलीला उतरून थेट टर्फवर. शुक्रवारी संध्याकाळी अकरा-बारा वर्षांची मुलं माझ्याकडे असतात. पैसे घेत नाही, टर्फचं भाडं पालक मिळून भरतात. टर्फ म्हणजे चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी लावलेला हिरवा चौकोन, पाच विरुद्ध पाच. पाऊस भुरभुरत होता. दिवे लागले होते. एका मुलाच्या अंगात छांगतेचा सात नंबर होता.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण दिवसभर आम्ही ज्या रिकाम्या जागेबद्दल वाद घालतो तिचं उत्तर या जाळीत सापडतं.

टर्फवर मुलांचा पाय चांगला तयार होतो. अरुंद जागेत चेंडू थांबवणं, वळणं, पटकन पास देणं ती शिकतात. पण जाळी चेंडू परत देते. पास चुकला तरी तो बाहेर जात नाही, म्हणून चुकीची किंमत मोजावी लागत नाही. ऑफसाइड नाही. लांब क्रॉस नाही, कारण वर जाळी. हेडर नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठीमागे कोणी नाही. मोठ्या मैदानावर मधला खेळाडू चेंडू येण्याआधी दोन वेळा मान वळवून मागे बघतो. अपुइया सतत बघायचा. टर्फवर मागे बघायची गरजच पडत नाही, सगळे डोळ्यांसमोर असतात. ती सवय बाराव्या वर्षी लागली नाही तर अठराव्या वर्षी लावणं फार कठीण. मी कितीही ओरडलो, "मागे बघ, मागे बघ," तरी मूल विचारतं, "सर, मागे तर जाळी आहे."

पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. आमच्या मुलांना तेवढं मैदान मिळतं रविवारी, तेही सकाळी लवकर, क्रिकेटवाले यायच्या आत. त्यात पावसाळ्यात चिखल, मग मंडप, मग सभा, मग प्रदर्शन. मागच्या वर्षी एका मैदानावर आम्ही चुन्याने रेषा आखून घेतल्या होत्या, पुढच्या रविवारी तिथे खड्डे खणून बांबू उभे होते. ज्यांनी परवानगी दिली त्यांचा हेतू वाईट नव्हता. मैदान हे खेळाचं आहे, बाकी सगळं नंतर, असं कुठे ठरलेलंच नाही.

आता एक आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेत मिझोराम राज्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेची साडेबारा लाखांच्या आसपास. छांगते मिझोरामचा. अपुइया मिझोरामचा. राष्ट्रीय संघात वर्षानुवर्षं खेळलेला जेजे मिझोरामचा. संतोष ट्रॉफी मिझोरामने २०१४ मध्ये जिंकली, २०१२ पासून त्यांची स्वतःची राज्य लीग चालते. आपल्याहून लहान वस्ती, डोंगर फोडून सपाट केलेली मैदानं, आणि देशाच्या संघाला माणसं पुरवण्याची ताकद. आमच्या मुलांचे पाय त्यांच्याहून कमी नाहीत. त्यांना गावात लीग आहे, चर्चमागे किंवा शाळेमागे मैदान आहे, आणि संध्याकाळी ते मैदान मोकळं आहे.

आपल्या जिल्ह्यातही प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अंबरनाथच्या नावाने एक संघ २०२२-२३ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या स्तरावर खेळला. डोंबिवलीहून गाडीने ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, की अंबरनाथ. तेव्हा मी मुलांना सांगायचो, बघा, इतक्या जवळ आहे.

साडेआठला दिवे गेले. मुलं भिजलेली, खूश. सात नंबरवाल्याने विचारलं, "सर, उद्या कोणी नवीन येणार का आपल्याकडे?" त्याच्या तोंडी "आपल्याकडे" होतं. मी म्हटलं, "बघू, उद्या रात्रीपर्यंत कळेल."

रात्री ९.४५

फडके रोडच्या एका टोकाला, चहाच्या टपरीपाशी. जेवून आलेले आम्ही पाच-सहा जण. रस्त्यावर मखरं, थर्माकोलबंदी असल्यामुळे रंगीत कागदाची दुकानं लागलेली, गर्दी वाहतेय. सकाळचा बँकवाला कल्याणहून पुन्हा आलेला. एवढं त्याचं प्रेम.

आज शेवटची बैठक, म्हणून प्रत्येकाने एकच जागा सांगायची असं ठरलं. बँकवाला नऊ नंबरवर ठाम. एकाने डावा बचावपटू मागितला, कारण आकाश मिश्राच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय आणि तो कधी पूर्ण ताकदीने परतेल याची त्याला धास्ती. एक जण म्हणाला, कोणी नको, आहेत त्या पोरांना खेळवा, प्रशिक्षक क्रात्कींनी डिसेंबरमध्ये येऊन चार-पाच महिन्यांत करंडक दिला, त्यांच्यावर सोडा. मी सहा नंबर मागितला: वय बावीसच्या आत, भारतीय, अपुइयासारखा मागे बघणारा. तो नाही मिळाला तर जयेशला तिथे खेळवा, तो जागा सोडत नाही.

आणि मग मी म्हटलं, आमच्या यादीत एक गोष्ट अशी आहे जी उद्या रात्री नोंदवता येत नाही: डोंबिवलीत फुटबॉलचं एक मैदान. बँकवाला हसला नाही. तो म्हणाला, "लिही. वहीत लिही."

मोहन बागान त्यांच्या गावात जिंकतो तेव्हा कोलकात्यात पिढ्यांचा हिशेब असतो. १९११ चं आयएफए शील्ड घरात सांगितलं जातं. आपला क्लब दहा वर्षांचा आहे. १८ ऑक्टोबर २०१४ ला डी. वाय. पाटीलवर पुण्याला ५-० हरवून त्याने घरच्या मैदानावर सुरुवात केली, आंद्रे मॉरिट्झची हॅटट्रिक होती. दहा वर्षांच्या क्लबला आजोबा नसतात. नातवंडं मात्र असू शकतात, पण त्यासाठी या पट्ट्यात कोणीतरी आत्ता मैदानाचं बोलायला हवं.

रात्री ११.३०

वही मिटली. उद्या शनिवार, अर्धा दिवस. जाताना काकांना ब्रँडनबद्दल ताईंचं मत सांगायचंय.

त्यानंतर

हा दिवस मी तेव्हा लिहून ठेवला होता. पुढे काय झालं तेही वाचकांना कळायला हवं.

१३ सप्टेंबरला सॉल्ट लेकवर आपण ०-२ मागे पडलो. पहिला गोल तिरीचा स्वतःच्याच जाळ्यात. मग त्याच तिरीने एक परत केला आणि नवीन आलेल्या क्रौमाने शेवटच्या मिनिटाला दुसरा. २-२. आम्हाला वाटलं, निभावेल. हंगामभर मात्र मधल्या मैदानात चेंडू सुटत राहिला. आपण सहावे आलो. २९ मार्च २०२५ ला बंगळुरूत बाद फेरीचा सामना ०-५ ने हरलो. शेवटचा गोल दियाजचा होता. दोनच आठवड्यांनी मोहन बागानने बंगळुरूला हरवून करंडक घेतला. शील्ड त्यांनी आधीच घेतलं होतं. त्यांना अंतिम सामन्यात नेणारा, जमशेदपूरविरुद्धचा भरपाई वेळेतला गोल अपुइयाने केला.

त्या उन्हाळ्यात लीगच थांबली. देशाची फुटबॉल संघटना आणि लीगचा व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, पुढचं ठरलं नव्हतं. बिपिन ईस्ट बंगालकडे गेला, बचावपटू मेहताब मोहन बागानकडे. डिसेंबरअखेर सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा सोडला. हंगाम सुरू व्हायला १४ फेब्रुवारी २०२६ उजाडला. काकांची भीती खेळाडूंपेक्षा क्लबबद्दल जास्त असायची, ती अशी समोर आली.

यादीत कोण हवं यावर आम्ही यापुढेही भांडू. पण रोव्हर्स कप गेला, महिंद्रा गेला, मुंबई एफसी गेला. हा चौथा जाऊ द्यायचा नसेल तर स्टँडमध्ये माणसं हवीत. १ जून २०१८ ला अंधेरीत भारताच्या सामन्याला २,५६९ प्रेक्षक होते. छेत्रीने हात जोडून विनंती केली आणि त्या सामन्यानंतर तीन दिवसांनी तेच स्टेडियम भरलं. विनंतीनंतर येणारे लोक विनंतीआधीही याच शहरात राहत होते.

म्हणून डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या वाचकांना एवढंच सांगतो. अंधेरी लांब नाही. घाटकोपरला उतरा, वर्सोव्याची मेट्रो पकडा, आझाद नगरला बाहेर या, तिथून मुंबई फुटबॉल अरेना चालत गाठता येतं. येताना शेजारचं एखादं मूल बरोबर आणा. आणि तुमच्या प्रभागातल्या मैदानावर फुटबॉलसाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी राखून ठेवा, असा अर्ज महापालिकेत द्या. आमचा अर्ज तयार आहे, खाली सह्यांना जागा सोडली आहे.